गुऱ्हाळाच्या शेडातलं संग्रहालय

पन्नाशी उलटलेल्या बाईनं काय करू नये असं मला कुणी विचारलं, तर मी सांगेन, संग्रहालय काढू नये. त्यातून लहान मुलांचं तर मुळीच काढू नये. पाय सुजतात, आवाज बसतो आणि घरातली सुपं-परातीसुद्धा आपली राहत नाहीत. अर्थात मला कुणी विचारत नाही. आमच्या घरात मी काही सांगायला लागले की लोक आधी गॅस बंद आहे का ते बघून येतात, कारण माझी गोष्ट लवकर संपत नाही असा माझा लौकिक आहे.

मी मूळची कसबा पेठेतली. लग्न होऊन मांजरीच्या पुढं, नदीच्या अंगाला असलेल्या या गावात आले, तेव्हा माहेरच्यांनी मला परदेशी पाठवल्यासारखा निरोप दिला होता. आता हेच गाव महापालिकेत आलंय. म्हणजे कचऱ्याची गाडी येते आणि पाणी येत नाही. ऊस अजून आहे, पण तुकड्यातुकड्यानं. आमच्या गच्चीवर उभं राहिलं की एका बाजूला उसाचे तुरे दिसतात आणि दुसऱ्या बाजूला चौदाव्या-पंधराव्या मजल्यावर वाळत घातलेले लोकांचे टॉवेल.

दुसरा लौकिक अर्धवट उद्योगांचा. मी मसाले करून विकायला काढले होते. पहिल्या खेपेला सगळ्या गल्लीला शिंका आल्या, दुसरी खेप झालीच नाही. बायकांसाठी वाचनालय काढलं. पुस्तकं गेली ती गेलीच. गच्चीवर भाजी लावली. तिचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. आमचे हे पाहुण्यांना सांगतात, "हिचं लग्न तेवढं पूर्ण झालं. तेही भटजी घाईत होते म्हणून." पाहुणे हसतात. मीही हसते. पण दरवेळी हसता हसता आत काहीतरी दमत जातं. म्हणून एकदा, निदान एकदा, हातात घेतलेलं काम शेवटाला न्यायचं असं मी मनाशी धरून बसले होते. ते काम हेच निघावं, हे माझं नशीब.

सुरुवात झाली हायवेवरच्या एका हॉटेलात. बाहेर बैलगाडीचं चाक, आत पितळी तांब्यातून पाणी, वेटरच्या डोक्याला फेटा. पुतण्याच्या मुलीचा वाढदिवस होता. अंगणात त्या लोकांनी दगडी जातं सिमेंटात बसवून त्याच्या भोकातून पाणी उडवलं होतं. मुलगी धावत आली आणि मला म्हणाली, "मोठी आजी, हे फाउंटन किती क्यूट आहे!"

मी म्हटलं, "अगं, हे जातं आहे."

"जातं? कुठे जातं?"

सगळे हसले. मला मात्र पनीर गिळेना. कारण ते जातं आमच्याच आळीतलं होतं. एका वर्षी हॉटेलवाल्यांचा टेम्पो गावातून फिरला आणि लोकांनी अंगणातली, परसातली, नाहीतर कपडे धुवायच्या दगडाशेजारी पडलेली जाती उचलून दिली होती. अडगळ गेली म्हणून सगळ्यांनाच बरं वाटलं होतं. आमच्या सासूबाईंनी तेवढं आमचं दिलं नाही. का, विचारलं तर म्हणाल्या, "जड हाय म्हणून."

घरी येताना गाडीत मी जाहीर केलं की आपण गावात मुलांसाठी संग्रहालय काढायचं. यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मसाल्याचे डबे त्यातच ठेवायचे का?"

जागा होती नानांची. नाना म्हणजे माझे चुलत सासरे, सासऱ्यांचे धाकटे भाऊ. नदीच्या रस्त्याला त्यांचं एक पत्र्याचं लांबलचक शेड होतं. एके काळी तिथं गुऱ्हाळ चालायचं. उसाचा रस काढून गूळ व्हायचा. गुऱ्हाळ बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि शेडात पोती, पाइप आणि मांजरं राहत होती. मध्यंतरी घरपोच सामान पाठवणाऱ्या कुठल्याशा कंपनीची माणसं गोडाऊनसाठी ते भाड्यानं मागून गेली होती. नाना हो म्हणाले नव्हते, नाही म्हणाले नव्हते. नाना एकूणच कमी बोलतात. त्यांच्या वाटणीचं मी बोलते, असं घरात म्हणतात.

मी गेले आणि सगळं समजावून सांगितलं. जुन्या वस्तू, नवी मुलं, शिक्षण, संस्कार. नाना कडक इस्त्रीच्या सदऱ्यात पलंगावर बसून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी टोपी काढली, बघितली, परत घातली.

"पोरं येतील?"

"येतील की, नाना."

"मोठी मान्सं न्हाय म्हनत मी. ती येत्यात, चा पित्यात, जात्यात. पोरं?"

"पोरंच येणार. त्यांच्यासाठीच आहे."

"मग बग सूनबाई. जूनमधी शाळा उघडायच्या आत शेडात पोरं आली पायजेत. आली तर शेड तुजं. न्हाय आली तर गोडाऊनवाल्याला देतो. त्येला निदान कुलूप लावायची अक्कल हाय."

एवढंच ठरलं. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, गंमत करतोय. यांना वाटलं, नाना पहिल्यांदाच एवढं बोललेत, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. ते बरोबर होते. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मग वस्तू गोळा करायला निघाले. गावात निरोप गेला की जुन्या वस्तू द्या. निरोप जाता जाता त्यातला 'जुन्या' हा एकच शब्द शिल्लक राहिला असावा. पहिल्या आठवड्यात तीन मिक्सर आले, तिन्ही जळलेले. एक पाय तुटलेली इस्त्रीची फळी आली. शेजारच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी पळायचं मशीन आणून ठेवलं, ज्याच्यावर पळत पळत माणूस तिथल्या तिथंच राहतो. "मुलांना मज्जा येईल," असं म्हणून ते घाईघाईनं गेले. अशी मोकळी चाल मी फार दिवसांत बघितली नव्हती.

पण हळूहळू खऱ्या वस्तूही आल्या. सासूबाईंनी जातं दिलं. जड होतं तरी दिलं. कुणी मुसळ दिलं, कुणी सूप, लाकडी काठवट, लोखंडी खलबत्ता, पाट, लग्नातली मोठी परात. मी एकेक वस्तू पुसायची, जागा ठरवायची, मग ती जागा बदलायची. कंबर धरली की पळायच्या मशीनवर टेकायची. त्या मशीनचा एवढा उपयोग मात्र झाला. सगळ्यात अडचण होती ती शेडाच्या टोकाला पालथ्या पडलेल्या काहिलीची. काहील म्हणजे गूळ करायची लोखंडी कढई, पण कढई म्हणजे केवढी, तर आत आमची आख्खी पंगत बसेल. गंजलेली, वर पोती टाकलेली. हलवायला ट्रॅक्टर लागला असता. मी तिच्यावर झाडू, फडकी आणि माझा चहाचा थर्मास ठेवायची.

पाट्या रंगवायचं काम दादानं, म्हणजे कसब्यातल्या माझ्या भावानं, अंगावर घेतलं. त्याचं अक्षर सुरेख आणि बोलणं त्याच्या उलट. शेड बघायला एकदा आला, नाकाला रुमाल लावून एक फेरी मारली.

"म्हणजे भंगारच. फक्त पाट्या लावून," तो म्हणाला.

"दादा, तू मदतीला आलायस ना?"

"आलोय म्हणून तर खरं बोलतोय. मदत न करणारे छान छान म्हणून जातील."

त्यानं पहिली पाटी करून आणली, 'हात लावू नये'. त्या दिवशी माझी मैत्रीणही आली होती. ती माझी कसब्यातली बालमैत्रीण. तिच्या अब्बांचं कुलुपं दुरुस्त करायचं दुकान आमच्या दाराला लागून होतं आणि ईदचा शीरखुर्मा आधी आमच्या घरी यायचा, मग तिच्या मामाकडं जायचा. आता ती वाघोलीकडच्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. माझ्या संग्रहालयाला येणारी मुलं म्हणजे तिच्या शाळेची मुलं, असा माझा सगळा बेत तिच्या जिवावर होता.

तिनं पाटी वाचली. "दादा, मुलांचं संग्रहालय ना हे? हात नाही लावायचा, तर मुलांनी काय हात खिशात घालून श्रद्धांजली वाहायची?"

दादानं तिच्याकडं चष्म्यावरून बघितलं. लहानपणापासून तो तिच्यापुढं हरत आलाय. पाटी परत नेली आणि पुढच्या खेपेला कागदावर नवा मजकूर आणला, 'हात लावावा. मोडल्यास सांगावे. रडू नये.'

आमची चूक, म्हणजे माझी, इथं नव्हतीच. माझं लक्ष मुलांच्या हातांवर होतं. मोठ्यांचे हात मी धरलेच नव्हते.

एप्रिल सरला आणि लग्नसराई लागली. आमच्याकडं लग्न म्हटलं की नवरा-नवरीची हळद जात्यावर दळायची असते. मिक्सरमधून काढलेली हळद चालत नाही. भात चालतो, पुलाव चालतो, डीजे तर हवाच, पण हळद जात्यावरचीच हवी. पाच सवाष्णी बसतात, जात्याला आंब्याची डहाळी बांधतात, मुसळाला हळदकुंकू लावतात. आणि गावातली सगळी जाती हॉटेलांच्या अंगणात पाणी उडवत होती. उरलेलं एकुलतं एक माझ्या संग्रहालयात.

एका सकाळी मी शेडात गेले तर जातं नाही. मी ओरडायच्या बेतात होते. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "वरच्या आळीत नेलंय. हळद हाय त्यांच्याकडं. किल्ली मीच दिली."

"आई, संग्रहालयातली वस्तू अशी बाहेर जात नसते."

"मंग तिथं बसून करती काय ती?"

याला उत्तर असतं हे मला माहीत आहे. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांनी ते शोधून ठेवलं असेल. मी म्हटलं, "मुलं आली तर बघायला नको का?"

"पोरं आली की आनू माघारी. पोरं आलीत का?"

आली नव्हती. जातं दोन दिवसांनी परत आलं, हळदीच्या वासासकट. मग परात गेली. मग पाट गेले. गावकऱ्यांना मनापासून वाटायला लागलं की मी लग्नाच्या सामानाची सोय केलेय. एका काकूंनी मला वाटेत थांबवून आशीर्वाद दिला, "बाई, केवढं पुन्याचं काम केलंस! आता चौरंग बी ठेव एक."

मे संपत आला तेव्हा मैत्रिणीनं एकदाचा दिवस दिला. तिच्या शाळेचं उन्हाळी शिबिर चालू होतं. "एक बस घेऊन येते. सकाळी येऊ, ऊन व्हायच्या आत जाऊ. पालकांनी आधीच मला विचारलंय, एसी आहे का? मी म्हटलं, पत्रा आहे."

मी नानांना जाऊन सांगितलं. "उद्या पोरं येतायत." नाना म्हणाले, "बरं." तेवढंच.

आदल्या दिवशी मी कसब्यात गेले, उरलेल्या पाट्या आणायला. दादा म्हणाला, रंग ओला आहे, रात्री राहा. मी राहिले. वाटलं, इतकं केलंय, एक झोप माहेरी घेऊ. सकाळी पाट्या मांडीवर घेऊन रिक्षात बसले. हडपसरपर्यंत येतायेता रिक्षावाल्यानं पाट्या वाचून मला विचारलं, "ताई, रडू नये म्हणजे? दवाखाना आहे का?"

शेडाशी उतरले. दार उघडं होतं. आत बघितलं आणि पाट्या हातातच राहिल्या.

शेड रिकामं होतं. भिंतीवर आधी लावलेल्या पाट्या होत्या, 'जाते', 'मुसळ', 'काठवट', आणि त्यांच्याखाली काही नव्हतं. तीन मिक्सर होते. पळायचं मशीन होतं. आणि टोकाला काहिलीशेजारी, घरून आणलेल्या खुर्चीवर, नाना बसले होते. नवी टोपी, पांढरंशुभ्र धोतर, दाढी केलेली.

"नाना, सगळं कुठं गेलं?"

"लग्नाला," नाना म्हणाले.

"कुणाच्या?"

"खालच्या आळीत. नातीचं हाय त्यांच्या. काल सांच्याला नेलं." मग टोपी सारखी करून, "पोरं कवा यायची?"

"येतायत," मी म्हटलं आणि पळाले. त्या मशीनवर कधी पळाले नव्हते तेवढी पळाले.

खालच्या आळीत मांडव होता. अंगणात मधोमध माझं जातं, त्याला डहाळी बांधलेली, भोवती बायका, आणि नवरीची आजी पाटावर, म्हणजे माझ्या पाटावर, बसलेली. मी हात जोडले. "आजी, तासाभरासाठी द्या. शाळेची मुलं येतायत हो."

आजीनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी नवरीच मागतेय. "हळद लागलेलं जातं हलवायचं नसतंय, माय. लगीन लागंपत्तुर न्हाय. तुला म्हाईत न्हाय व्हय?"

"म्हाईत कसं असंल," मागून कुणीतरी म्हणालं, "पुन्याच्या हायत्या त्या."

गाव पुण्यात येऊन एवढा काळ झाला, तरी मी अजून पुण्याचीच.

तेवढ्यात फोन वाजला. बस रस्त्याच्या कोपऱ्यावर आली होती. गल्लीत वळत नव्हती. मी कोपऱ्यावर गेले. मुलं पिवळ्या-निळ्या टोप्या घालून रांगेत उतरत होती आणि मैत्रीण डोक्यावर पदर घेऊन, एका हातानं कपाळ पुसत, दुसऱ्यानं मुलं मोजत होती. मी तिला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग काय झालं? मुलांना तिकडं ने."

"लग्नघरी? न बोलवता?"

"आपण दोघी लहानपणी किती लग्नांत बोलावणं विचारून जेवलोय?"

आणि मी मुलांना घेऊन निघाले. वाट शेडावरूनच होती. नाना दारात येऊन उभे होते. मी लांबूनच हात हलवला, "नाना, आलोच!" पुढच्या सगळ्या प्रकरणात माझ्या तोंडून निघालेला तो सर्वांत खोटा शब्द. तेव्हा मला तो खरा वाटत होता.

लग्नघरात आधी जरा कपाळाला आठ्या पडल्या. "हे कुनाकडचं वऱ्हाड?" मग मुलांनी जात्याभोवती कोंडाळं केलं आणि एक चिमुरडी मोठ्यांदा म्हणाली, "टीचर, हे हॉटेलमधलं फाउंटन!"

नवरीच्या आजीला आधी कळलंच नाही. कुणीतरी समजावून सांगितलं. आजी हसली नाही. तिनं त्या मुलीचा हात धरला, पाटावर आपल्या शेजारी बसवलं, तिची मूठ खुंट्यावर ठेवली आणि वर आपली ठेवली. "फिरीव. जोर लाव की, खाल्लं न्हाय व्हय सकाळी?"

जातं घरघरलं. मुलगी दचकली, मग हसली. पाळ्यांतून पिवळी पूड सांडायला लागली आणि मग मुलांना आवरणं कुणाच्या हातात राहिलं नाही. सगळ्यांना फिरवायचं होतं. एकानं मुसळ उचलायला घेतलं आणि मुसळानंच त्याला ओढून बसवलं. दोघींनी सुपात तांदूळ पाखडले. निम्मे माझ्या डोक्यावर आले. दादाची पाटी हातात नव्हती, पण कुणी रडलं नाही. एका काकूंनी मैत्रिणीला हळद लावायला हात पुढं केला आणि मग एकदम थांबल्या. तीच गाल पुढं करून म्हणाली, "लावा हो. आमच्याही लग्नांत लागते. आमच्या आईनं तर घरचं जातं विकल्याचं शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं होतं."

मग मुलांना सरबत झालं, बुंदी झाली. पत्रिका नसताना पान वाढलं गेलं. ऊन चढलं, बसवाला हॉर्न वाजवायला लागला, आणि पिवळ्या हातांची, पिवळ्या गणवेशांची बस वाघोलीला निघून गेली. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होते. इतकी दमले होते की आनंद झालाय की नाही ते घरी जाऊन बघू, असं ठरवलं.

संध्याकाळी नाना आमच्या ओसरीवर आले. पाणी प्याले. मी सकाळचं सगळं रंगवून सांगितलं, मुसळाचं, तांदळाचं. हेही हसत होते. पहिल्यांदा माझ्यावर नाही, माझ्याबरोबर. नाना ऐकून घेऊन म्हणाले, "शेडात एक पोरगं आलं न्हाय."

"नाना, पण गावात आली ना?"

"शेडात म्हनलं व्हतं मी."

"शेडात काही नव्हतंच हो दाखवायला!"

"व्हती की." नाना उठले. चपला घातल्या. "काहील व्हती."

ते गेले. मग यांनी हळूच विचारलं, "काहिलीला पाटी होती का गं?"

मिक्सरला होती. पळायच्या मशीनलाही होती. दादानं तिच्यावर 'गंतव्य नाही' असं लिहिलं होतं. काहिलीला नव्हती. तिच्यावर माझा थर्मास होता.

सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गुऱ्हाळ चालायचं तवा शाळा सुटली की गावची सगळी पोरं थेट तिथंच. एकेकाच्या हातात उसाचं टिपरू. नाना त्यावर ऊन ऊन काकवी द्यायचे. गूळ करायचा सोडून पोरांनाच वाढत बसतो म्हनून तुजे सासरे चिडायचे त्यांच्यावर. बंद पडलं तवा नाना गुळाला नाय रडले. म्हनाले, आता पोरं कशाला येतील हिकडं."

सकाळभर ते त्या खुर्चीवर बसले होते. दाढी करून. आणि मी मुलांना त्यांच्या दारावरून पलीकडं नेलं होतं.

शेड गोडाऊनवाल्यांना गेलं. नाना बोलल्याला पक्के. मी जाऊन आर्जवं केली, ते ऐकून घेत राहिले, आणि आठवड्याभरात शेडाला सरकतं शटर लागलं. वस्तू घरोघर परत गेल्या, किंवा जिथं शेवटच्या लग्नात वापरल्या होत्या तिथंच राहिल्या. पाट्या आमच्या पलंगाखाली. यांनी भटजींचा विनोदही केला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

मी तोंडावर ओढणी टाकून दुपारभर पडून राहायला लागले. मग जून लागला, शाळा उघडल्या आणि मैत्रिणीचा फोन आला. "पालकांची तक्रार आहे. गणवेशाचे डाग जात नाहीत."

"माझ्याकडून माफी माग."

"मागितली. आणि दुसऱ्या तुकडीची तक्रार आहे की आम्हाला का नेलं नाही. कधी येऊ?"

"कुठं येणार? शेड गेलं."

"शेडात आम्ही आलोच कुठं होतो?"

माझी उठायची अजिबात इच्छा नव्हती. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण आता गावात सांगतात की बाईंनी जिद्द सोडली नाही. बाईंनी सोडली होती. मैत्रिणीनं ती उचलून परत दिली, आणि मला नको म्हणता येत नाही.

मग घरोघर हिंडून विचारलं, पाटी लावू का, मुलं आली तर दाखवाल का. कुणी नाही म्हटलं नाही. जिथं मुसळ तिथं मुसळाची पाटी, जिथं काठवट तिथं काठवटीची. जात्याची पाटी मात्र दाराला लावता येत नाही, कारण जातं एका जागी नसतं. ती पाटी जात्याबरोबर फिरते. मिक्सर भंगारात गेले. पळायचं मशीन कुणीतरी आपण होऊन नेलं. त्याच्यावर आता शेवया वाळतात.

काहिलीची पाटी करायला दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "मजकूर आण." तो आणायला मी नानांकडं गेले. दारापर्यंत जाऊन एकदा परत फिरले, मग आत गेले.

नानांच्या अंगणात काहील होती. गोडाऊनवाल्यांनी शेडाबाहेर काढायला लावली तशी ट्रॅक्टरनं ओढून आणलेली. आता पालथी नव्हती, सुलटी होती, आणि नाना धोतर खोचून आत बसून विटेच्या तुकड्यानं गंज घासत होते. अर्धी काहील काळीभोर झाली होती, अर्धी अजून तांबडी.

"नाना, पाटीवर काय लिहू?"

"काय लिवायचं? ज्येला दिसंल त्येला दिसंल." ते घासत राहिले. मग वर न बघता विचारलं, "पोरं कवा यायची?"

मी म्हटलं, "येतायत, नाना. आधी इथंच आणते."

"आनशील?"

"आणते."

त्यांनी मान हलवली. विश्वास बसल्यासारखी नाही, ऐकलं, एवढीच.

पुढच्या शनिवारी बस कोपऱ्यावर थांबली आणि मी मुलांना घेऊन सरळ नानांच्या अंगणात गेले. सांगायच्या आधीच मुलं काहिलीत चढली. आख्खी तुकडी मावली. नाना मुलांसाठी आणून ठेवलेल्या गुळाच्या ढेपेजवळ उभे, खिशात हात. शेवटी एका मुलानं आतून विचारलं, "आजोबा, हा स्विमिंग पूल आहे का?"

"न्हाय, लेका," नाना म्हणाले, "सरक जरा," आणि बाजूच्या ओंडक्यावर पाय देऊन स्वतःही आत उतरले. मग ते बोलायला लागले.

मी पायरीवर बसले. पाय घोट्यापर्यंत सुजले होते आणि अजून मुसळ, काठवट आणि सूप व्हायचं होतं. जातं कुठल्या आळीत आहे ते त्या दिवशी मला माहीतही नव्हतं. मैत्रीण घड्याळ दाखवून खुणावत होती. मी तिला हातानंच थांब म्हटलं. नाना अजून काहिलीखालच्या चुलवणाला जाळ घालण्यापर्यंतही पोचले नव्हते.

काहिलीची पाटी तेवढी राहिलीय. दादा विचारतो तेव्हा मी नानांना विचारते, आणि नाना म्हणतात, "पाटी कशाला? मी हाय की."